आधी कळले ते शिंप्याला

ज्या घराचा चरितार्थ लोकांच्या रक्ताचे नमुने तपासून चालतो, त्या घराची जीभ दातांच्या आत राहिली पाहिजे, असा आईंचा दंडक होता. पतीच्या पश्चात त्यांनी एका खोलीतली प्रयोगशाळा अनेक शाखांपर्यंत नेली, ती याच बळावर.

आता कारभार थोरल्या मुलाकडे होता आणि संगणकाची बाजू धाकट्या लेकीकडे. तिला घरात सगळे चिमी म्हणत. सर्व शाखांचे अहवाल एकत्र करून आलेख दाखवणारी प्रणाली तिने क्लाउडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या संगणकांवर, उभारली होती. परंतु तिथवरची माहितीची ये-जा इंटरनेटच्या सार्वजनिक मार्गाने होई; पासवर्ड असला की ती कुठूनही उघडे. म्हणून चिमीने शाखांपासून त्या प्रणालीपर्यंत खाजगी जोडणी तयार केली. आता थोरल्याने त्या जोडणीला मंजुरी द्यायची आणि सार्वजनिक मार्ग बंद करायचा, एवढेच उरले होते.

"दादा, मंजुरी कधी देणार?"

"देतो गं. पण बाहेरचा रस्ता राहू दे. मला घरून, गाडीतून, कुठूनही आकडे बघावे लागतात."

"मग खाजगी जोडणी हवी कशाला? पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं!"

"पासवर्ड आहे ना! आणि लोकांचं रक्त-लघवी बघायला येतंय कोण?"

वाचकहो, 'येतंय कोण' हे आपणही किती सहज म्हणतो!

त्याच आठवड्यात आई कपड्यांचे माप द्यायला शिंप्याकडे गेल्या. शिंपी थोरल्याचा बालमित्र. गळ्यातली टेप सावरत त्याने लगबगीने खुर्ची पुढे केली.

"काकू, बसा आधी. आता जपायला हवं तुम्हाला. गाठ वेळीच सापडली, हे बरं झालं."

आईंचा हात खुर्चीच्या पाठीवरच थांबला. "तुला कोण बोललं?"

"तुमचा थोरला इथे बसून माझ्या संगणकावर शाखांचे आलेख दाखवत होता. फोन आला, तसा उठून गेला. मी बंद करायला गेलो, तर 'पुढील तपासणी आवश्यक' याखाली तुमचं नाव, आणि पुढे 'गाठ' असं लिहिलेलं! कुणाला म्हणजे कुणाला बोललो नाही हं काकू. बायको सोडून."

आई घरी आल्या आणि दोन्ही मुलांना समोर बसवले.

"मला गाठ आहे."

"आई!" थोरला ताडकन उठला. "आणि तू आम्हाला बोलली नाहीस?"

"बोलणार होते. मोठ्या डॉक्टरांचं मत आलं की, माझ्या शब्दांत. ती वेळ तू माझ्याकडून हिसकावून घेतलीस. माझा आजार आधी शिंप्याला कळला, मग त्याच्या बायकोला, आणि आता माझ्या मुलाला!"

सारा प्रकार ऐकताच थोरल्याचा चेहरा उतरला. "मी मुद्दाम नाही गं केलं."

"मुद्दाम करणारा चोर असतो, त्याला कोंडता येतं. निष्काळजी माणूस मात्र घरचाच निघतो, त्याचं काय करायचं? मी तुझी आई, मी तुझा कान धरेन. बाकीच्या रोग्यांनी कुणाचा धरायचा? सोय तुझी आणि अब्रू त्यांची?"

थोरल्याने डोळे पुसले. "चिमे, चल शाखेत. आत्ता मंजुरी देतो, बाहेरचा रस्ताही बंद कर. आकडे तिथे बसूनच बघेन. आणि शिंप्याच्या दुकानात ज्यांची नावं उघडी पडली, त्यांना मी स्वतः भेटून सांगेन. शिव्या खाईन, पण लपवणार नाही."

संध्याकाळी तो परतला तेव्हा खाजगी जोडणी सुरू झाली होती आणि सार्वजनिक मार्ग बंद. तो आईंच्या पायाशी बसला.

"डॉक्टरांकडे मी सोबत येऊ? तुला चालणार असेल तरच."

आईंनी त्याच्या विस्कटलेल्या केसांतून हात फिरवला. "ये. पण तिथे बोलायचं ते मी बोलेन. तू पिशवी धरायची."

"आणि मी?" चिमीने विचारले.

"तू याला धरायचं. सुई बघितली की हा घेरी येऊन पडतो!"

बंधुभगिनींनो, दुसऱ्याचे दुःख आपल्या हाती येते ते ठेव म्हणून. ते कोणाला, केव्हा आणि कसे सांगायचे, हा अधिकार ज्याचे दुःख त्याचाच. आपल्या सोयीसाठी उघडा ठेवलेला मार्ग परक्याला थेट त्या दुःखी माणसाच्या घरात नेतो. तो बंद करण्यासाठी आपल्याच माणसाचे नाव पडद्यावर येण्याची वाट पाहू नका!