उभा चिंचोका

चर्चासत्रात खेळांवर निबंध वाचायला उठलेल्या बाईशी कोणी वाईट वागत नाही. उलट सगळे गोड हसतात, पाहुण्यांपुढे घरातलं लेकरू गाणं म्हणायला उभं केल्यावर हसावं तसे. मग टाळ्या, ‘धन्यवाद मॅडम’, आणि पुढचं नाव.

भावनाला हा गोडवा आता नकोसा झाला होता. अकोल्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती समाजशास्त्र शिकवायची, आणि सुट्ट्या घालवून चंगाअष्टा या खेळावर संशोधन करायची. नागपूर झालं, नांदेड झालं, जळगाव झालं. कापसावरच्या निबंधाला प्रश्न आले, पाणीटंचाईवरच्याला आले. एका गृहस्थानं वेळेअभावी नुसती प्रस्तावना वाचली, तर त्यालाही दोन प्रश्न! चंगाअष्ट्याला कुठंच एक नाही. आणि ज्याला कोणी प्रश्न विचारत नाही त्याचं कोणी ऐकलेलंही नसतं, एवढं समाजशास्त्र तिला येत होतं. म्हणून अमरावतीच्या चर्चासत्राला नाव देतानाच तिनं मनाशी पक्कं केलं, की या वेळी कोणीतरी एक तरी खरा प्रश्न विचारला पाहिजे. नाहीतर हा नाद सोडायचा.

चूक एवढीच झाली, की हे ती सकाळच्या चहाला आईजवळ बोलली.

“माह्या खेळावर तू भाषन देतं, अन् मलेच नेत नाई?” चतुराबाई म्हणाली. “कावून? मी काय तिथं कापूस येचीन?”

“अवं आई, तिथं शिकलेले लोक असतात.”

“मंग त त्याईले दाखवाच लागते. सांगून त्याईले काय समजते?”

बोलण्यात तथ्य होतं. पण चंगाअष्टा एकटीनं खेळता येत नाही, म्हणून समोरच्या घरच्या पार्बताबाईही निघाल्या. दोघी मूळच्या हिवरखेडच्या. लग्न होऊन दोघी अकोल्याच्या जठारपेठेत एकाच गल्लीत आल्या. चतुराबाईचे यजमान रेल्वेत, पार्बताबाईंचा भाजीचा धंदा. पण दुपारी ओसरीवर डाव मांडला, की एकमेकींना चोर म्हणण्यात दोघींची हयात गेली होती. अमरावतीच्या एस्टीत खिडकीवरून भांडण झालं, ते मूर्तिजापूरपर्यंत पुरलं.

चर्चासत्राचा विषय होता ‘खेळ, करमणूक आणि समाज’. सत्राचे अध्यक्ष डॉ. किशोर सोवनी पुण्याहून आलेले, इस्त्रीच्या घडीसारखे नीटनेटके. वेळ पाळायला घंटी घेऊन बसलेल्या प्रा. करिश्मा या यजमान महाविद्यालयातल्याच.

“जयभीम साहेब,” चतुराबाई म्हणाली.

“रामराम,” पार्बताबाई म्हणाल्या, आणि दोघींनी मंचावर साहेबांच्या खुर्चीपुढेच खडूनं पट आखायला घेतला. पाच बाय पाच घरं, मधोमध आणि चारी बाजूंना फुल्या. फोडलेले चार चिंचोके, पांढऱ्या बाजूनं उताणे पडतील तेवढं दान. सोंगट्या म्हणून एकीचे बांगडीचे तुकडे, दुसरीचे तुरीचे दाणे.

“दोन-चार हात टाकायचे,” भावनानं बजावलं. “माझं बोलणं संपलं की उठायचं.”

दोघींनी फार आज्ञाधारकपणे माना हलवल्या. त्यावरूनच तिनं सावध व्हायला हवं होतं. हिवरखेडात मांडलेला डाव हारजीत झाल्याशिवाय उठवत नाहीत, उठवला तर घरात वर्षभर कुरबूर राहते, हे तिनं स्वतः निबंधात लिहिलं होतं. पण आपण लिहिलेलं आपल्याच आईला लागू पडतं, हे विद्वानांच्या लवकर ध्यानात येत नाही.

तिचा मुद्दा साधा होता. चंगाअष्ट्यात पंच नसतो. तेव्हा रडी करणं, भांडणं, ‘जाय, मी नाई खेळत’ म्हणणं, हे खेळाचं बिघडणं नव्हे, तोच खेळ. ती जीव तोडून बोलली. घंटी वाजली. टाळ्या झाल्या. आणि डॉ. सोवनी हसले. गोड.

“धन्यवाद मॅडम. फारच रंजक. कोणाला काही विचारायचंय?”

सभागृहात एकानं जांभई दिली. दुसऱ्यानं मोबाईल चार्जिंगला लावला.

“नाही? मग पुढचे वक्ते, प्रा. देवीदास. सेमाडोहच्या जंगलातलं पर्यटन.”

 भावनानं कागदांची घडी केली. “चल आई, ऊठ. मावशी, चला.”

“उठू?” चतुराबाईनं वर पाहिलंसुद्धा नाही. “डाव सुरू हाये ना बापा.”

“आई, लोक थांबलेत.”

“मंग बसा म्हना त्याईले.”

देवीदास सरांना वाटलं, आपण बाजूनं जाऊ. ते पटाला वळसा घालून माइककडे गेले, माइकची वायर त्यांच्या बुटात अडकली, आणि पार्बताबाईंनी नेमके तेव्हाच चिंचोके टाकले. वायर सरपटत पटावर आली. तीन चिंचोके उताणे पडले. चौथा वायरीला टेकून उभाच राहिला.

“चंगा!” पार्बताबाई ओरडल्या. “चार! मेली तुही सोंगटी!”

“कायचा चंगा? तीन हायेत तीन! थो उभा हाये, डोये फुटले का?”

“उभा म्हन्जे उतानाच. जरा लाजून राह्यला.”

“गावात उभ्याले फेर टाकतात, इसरली का वं?”

“थो जमिनीवर उभा राह्यला त! हा वायरवर हाये. वायर काय हिवरखेडची हाये?”

माइक सुरू होता. सभागृह जागं झालं. डॉ. सोवनी खुर्चीतून उठले, चष्मा सावरत वाकले, मग चक्क गुडघ्यावर बसले.

“किशोरभाऊ, तुमीच सांगा,” पार्बताबाई म्हणाल्या.

डॉ. सोवनींना किशोरभाऊ कोणी म्हटल्याला जमाना लोटला असावा. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. “आमच्याकडे कवड्या असायच्या,” ते म्हणाले. “तिरकी पडली की दान बाद.”

“म्हन्जे तुमी इच्याकडून! किती चहा पाजला इनं तुमाले?”

“छे छे, अहो मी फक्त—”

“बाद कशाला, सर?” करिश्मा मॅडम घंटी घेऊनच पुढं आल्या. “आमच्या आजीकडे उभ्याला डबल दान!”

मागून कोणी ओरडलं, “कुठं डबल? एक मोजतात!” कोणी म्हणालं, फुंकर मारायची आणि पडेल ते मोजायचं. जांभईवाले मंचावर चढले. देवीदास सर कळवळून सांगत होते, की बूट त्यांचा असला तरी हेतू त्यांचा नव्हता. दोन्ही म्हाताऱ्या पदर खोचून एकमेकींची माहेरं काढण्यापर्यंत आल्या होत्या.

भावना सवयीनं मधे घुसली. “आई, मावशी, बस झालं आता—”

“थांबा मॅडम!” डॉ. सोवनींनी तिचा हात अडवला. “मिटवू नका. मला एक सांगा. तुम्ही म्हणता पंच नसतो. भांडण सुरू कसं होतं तेही दाखवलंत. पण मग ते मिटतं कसं?”

 सगळे तिच्याकडे पाहू लागले.

भावना उत्तर शोधू लागली. ओसरीवरचा प्रत्येक डाव तिला आठवला. तिनं संशोधनासाठी केलेल्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये भांडण तापलं, की तिचाच आवाज यायचा, ‘बरं, बस झालं, चहा घ्या.’ जन्मभर तिनं त्या दोघींना सोडवलं होतं. आपोआप मिटलेलं एकही भांडण तिनं पाहिलंच नव्हतं. अख्ख्या संशोधनाच्या तळाला भोक होतं, आणि एका माणसानं नीट ऐकून त्यावर बरोबर बोट ठेवलं होतं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. माइकमधून ते सभागृहभर घुमलं. तिला हसू फुटलं, आवरेचना. “सर, खरंच, मला काहीच माहीत नाही!”

तोवर पाच-सहा हात वर झाले होते. बायका जशा भांडतात तसेच पुरुषही का? डाव सोडून गेलेली परत कशी येते? भावना कोणाला उत्तर देणार! ती नुसती मान डोलवत होती, सत्यनारायणाला बोलावलेल्या पाहुण्यांचं करावं तसं प्रत्येक हाताचं स्वागत करत होती.

“पण आत्ताचं कसं मिटतंय ते तरी पाहू,” डॉ. सोवनी म्हणाले, आणि सगळे पटाकडे वळले.

चतुराबाईनं चिंचोके टाकले होते. पार्बताबाई आपला तुरीचा दाणा सरकवायची वाट पाहत शांतपणे सुपारी चघळत होत्या.

“मिटलं?” भावना किंचाळली. “कसं मिटलं?”

“काय मिटलं?” चतुराबाई म्हणाली.

“भांडण!”

“कोनाचं भांडन?” पार्बताबाईंनी विचारलं, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, जणू या पोरीला ऊन लागलं असावं. “तुमी सारे आदी खाली बसा बरं. उजेड अडून राह्यला.”

डॉ. सोवनी इस्त्रीसकट खाली बसले. देवीदास सर त्यांच्याशेजारी. करिश्मा मॅडमनी घंटी पर्समध्ये टाकली. भावनानं साडी सावरून अगदी पटाला लागून मांडी घातली, डोळे चिंचोक्यांवर रोखले, आणि जन्मात पहिल्यांदा मनापासून वाट पाहू लागली, की या दोघी पुन्हा कधी भांडतात.