जमाखोलीतला कॅमेरा

"कुणाच्या पिशवीत हात घालायचा नाही. त्याच्याकडूनच एकेक वस्तू बाहेर काढून घ्यायची आणि शेवटी काय निघतं त्यावर नजर ठेवायची. लपवायची गोष्ट माणूस शेवटीच काढतो."

म्हाताऱ्या दारवानाने नोकरी सोडताना अक्काला हे सांगितलं, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून गाण्याच्या सभागृहाच्या दारातली तपासणी आणि शेजारची जमाखोली अक्काच्या ताब्यात होती. खोली कसली, बोळच तो. एका अंगाला प्रेक्षकांकडे उघडणारी खिडकी, दुसऱ्या अंगाला काचेचं दार. त्या दारापलीकडे कलाकारांच्या खोलीतून रंगमंचाकडे जाणारी वाट होती. दारासमोरच्या भिंतीला फळ्या. भिंग निघतं असा कुठलाही कॅमेरा प्रेक्षकाने आत न्यायचा नाही, हा सभागृहाचा नियम. असा कॅमेरा खिडकीत द्यायचा. अक्का त्याच्या पट्ट्याला आकड्याचा पिवळा बिल्ला बांधायची, जोडीचा बिल्ला मालकाच्या हातात द्यायची आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन तो फळीवर ठेवायची. दुसऱ्याची वस्तू म्हणजे तिला दुसऱ्याचं लेकरू सांभाळल्यासारखं वाटे. बारा वर्षांत एकाही भिंगाला ओरखडा पडला नव्हता.

पासवाल्या छायाचित्रकारांना सूट होती, तीही मोजकी. पहिली दोन गाणी होईपर्यंत बाजूच्या कठड्याशी उभं राहून फोटो काढायचे, फ्लॅशचा झोत मारायचा नाही, आणि दुसरं गाणं संपलं की त्याच आतल्या वाटेने मागच्या दाराने बाहेर पडायचं.

त्या महिन्यात दर रविवारी दुपारी एका थोर गायिकेचे कार्यक्रम होते. सगळे तिला नुसतं बाई म्हणत. वय झालेलं, पण आवाज अजून कसा खणखणीत. बाईंनी स्वतःची एक अट घातली होती, की पडदा उघडण्याआधी आणि पडल्यानंतर आपल्याला कुणी कॅमेऱ्यात घ्यायचं नाही. का, ते कुणी विचारलं नाही.

पहिल्या रविवारी कार्यक्रम रंगला आणि सोमवारच्या सायंदैनिकात फोटो आला. मध्यंतरानंतर बाई आतल्या वाटेने रंगमंचाकडे निघाल्या आहेत, साथीदाराच्या गळ्यात हात, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला, एक पाय मागे फरफटतोय, आणि चेहरा असा की बघणाऱ्याने मान खाली घालावी. खाली छायाचित्रकाराचं नाव नव्हतं.

बाईंनी निरोप पाठवला की असा आणखी एक फोटो आला तर पुढचे कार्यक्रम होणार नाहीत. मॅनेजरसाहेबांनी अक्काला वर बोलावलं.

"अक्का, कॅमेरा आत गेलाच कसा?"

"गेला नाही साहेब. मी स्वतः बघते."

"मग काय आभाळातून पडला फोटो? आतल्या वाटेत होतं कोण?"

अक्काच्या मनात एक चेहरा येऊन बसला होता. चष्मेवाली पोरगी, पासवाली, या वर्षीच येऊ लागलेली. त्या दिवशी तपासणीत तिने पिशवीतून आधी डबा काढला, मग स्वेटर, मग पाण्याची बाटली, आणि अगदी शेवटी, फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं भिंग. अक्काच्या मनात तिथेच पाल चुकचुकली होती. शिवाय ही पोरगी दुसऱ्या गाण्यानंतर बाहेर गेल्यावर मध्यंतराच्या वेळी भिंगाचं झाकण राहिलं म्हणत मागच्या दाराने पुन्हा आत आली होती.

"ती चष्मेवाली दोनदा आत आली होती," अक्का म्हणाली. "दुसरं कुणी आलं नाही."

जे पाहिलं तेच तिने सांगितलं होतं. तरी जिना उतरताना, शब्द खरे असूनही आपण काहीतरी ढकलून दिलंय, असं तिला वाटत राहिलं.

पोरीचा पास त्याच संध्याकाळी रद्द झाला. बुधवारी ती खिडकीशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज चढलेला.

"अक्का, माझं नाव तुम्हीच घेतलंत ना?"

"तू दोनदा आलीस एवढंच सांगितलं मी."

"एवढंच! पास गेला तर गेला, दुसरीकडे फोटो काढीन. पण गेली चार वर्षं मी बाबांना सांगतेय की हे काम इज्जतीचं आहे. काल त्यांनी तो पेपर माझ्यापुढे टाकला. म्हणाले, म्हाताऱ्या बाईचा लंगडा पाय विकलास होय गं? जेवलेसुद्धा नाहीत माझ्या हातचं. सांगा, मी त्यांना काय सांगू?"

"मग ते भिंग एवढं लपवून का ठेवलं होतंस?"

"लपवून?" पोरगी थक्क झाली. "उधारीचं आहे ते! मैत्रिणीचं. धक्का लागू नये म्हणून तळाशी ठेवलं होतं. तुम्ही तुमचं मंगळसूत्र पिशवीत वर ठेवता का?"

पण संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा उठत नाही. पोरगी रडते चांगली, असंही अक्काच्या मनात येऊन गेलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

"हे बघ," ती हळूच म्हणाली, "माझी चूक निघाली, तर मी तुझ्या घरी येईन. तुझ्या वडिलांसमोर उभी राहून माझ्या तोंडाने सांगेन. हा माझा शब्द."

"शब्द काय, सगळेच देतात," असं म्हणत पोरगी निघून गेली.

तिकिटं फाडणारा लांबूशेठ हे सगळं ऐकत होता. उंचीमुळे त्याला लपून ऐकणं कधी जमलंच नाही. "अक्का, तुम्ही उगाच मनाला लावून घेता," तो म्हणाला. "चोर कधी कबूल करतो का?"

अक्काने पेपरातला फोटो कापून खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवला. येताजाता ती तो न्याहाळायची. वर डाव्या कोपऱ्यात एक पिवळट धूसर डाग होता. साहेब म्हणाले होते, दिव्याची तिरीप असेल.

दुसऱ्या रविवारी अक्का डोळ्यांत तेल घालून बसली. प्रत्येक पिशवी, प्रत्येक पर्स. एका आजीच्या चष्म्याचं घरसुद्धा तिने उघडायला लावलं. आजी म्हणाल्या, "बघ बाई, कवळी आहे आत. हवा तर तिचा फोटो काढ." रांग हसली. अक्काला हसू आलं नाही.

मग राखाडी कोटवाले गृहस्थ आले. हे गेल्या रविवारीही आले होते. अतिशय सभ्य माणूस, पिशवी मागायच्या आधीच कॅमेरा खिडकीत ठेवणारा. सगळे कुरकुर करत देतात, हे हसत देतात.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "फक्त एक विनंती, मागच्यासारखीच. आडवा ठेवू नका, भिंगावर दाब येतो. तोंड बाहेर करून उभा ठेवा, मधल्या फळीवर. ही फार नाजूक वस्तू आहे."

"हो, ठेवते."

नाजूक वस्तू म्हटलं की अक्काचा हात आपोआप हळुवार व्हायचा. तिने बिल्ला बांधला, कॅमेरा मधल्या फळीवर उभा केला, तोंड बाहेर. आत घंटा झाली, पडदा उघडला, बाईंचा आवाज दाराखालून झिरपू लागला. खोलीत कुणी नव्हतं.

टिक.

अक्काने मान वळवली. भिंतीवरचं घड्याळ आवाज न करणारं होतं. ती पुन्हा बसली. मिनिटभराने पुन्हा, टिक.

ती फळीजवळ गेली. कॅमेऱ्याच्या पाठीवर काळ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा होता आणि त्याच्या कडेतून टाचणीच्या टोकाएवढा लाल प्रकाश डोकावत होता; कॅमेरा चालू होता, आपोआप फोटो काढत. पट्ट्याला बांधलेला तिचा पिवळा बिल्ला भिंगाच्या वरच्या कोपऱ्याशी लोंबत होता.

अक्का फळीला पाठ लावून गुडघ्यांवर खाली झाली, डोकं कॅमेऱ्याच्या उंचीला येईपर्यंत. समोर दाराची काच. काचेपलीकडे कठडा, भिंतीवरची लाल बादली, वळणावरचा दिवा. खिडकीजवळच्या फोटोकडे बघायची गरजच उरली नाही. तीच बादली, तोच कठडा, आणि कोपऱ्यातला तो पिवळा डागही तिने स्वतः गाठ मारून बांधलेला.

बारा वर्षं ती कॅमेरे आत जाऊ नयेत म्हणून राखत आली होती. बाईंच्या वाटेवर कॅमेरा रोखून ठेवला तो तिनेच, वर धक्का लागू नये म्हणून जपलाही.

मध्यंतराला पाच मिनिटं उरली होती. अक्काने आयुष्यात पहिल्यांदा मालकाच्या सांगण्याविरुद्ध वस्तू हलवली. कॅमेऱ्याचं तोंड तिने भिंतीकडे केलं आणि त्यावर आपला रुमाल टाकला. थोड्या वेळाने काचेपलीकडून बाई गेल्या, हळूहळू, एकेक पाऊल मोजत. अक्काने नजर खाली वळवली.

कार्यक्रम संपला. कोटवाले बिल्ला घेऊन आले आणि फळीकडे बघून त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"उलटा का ठेवलात?"

"भिंतीचे फोटो कुणी काढत नाही हो. म्हटलं, तिचाही निघू दे."

ते खिडकीवर कोपर टेकून, अगदी घरच्यासारखं बोलू लागले. "मी कॅमेरा आत नेला का? नाही. मागितल्याबरोबर जमा केला. जमा केलेला कॅमेरा बंद असावा, असं तुमच्या पाटीवर कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलं."

"आणि फळीवर ठेवला कुणी? वर जाऊन काय सांगाल अक्का? की तुमच्याच हाताने फोटो निघाला म्हणून? उद्या या खिडकीत दुसरी कुणी बसेल. मी पुन्हा येणार नाही, तुम्ही बोलू नका. ती पोरगी तर गेलीच आहे, रांगेत ऐकलं मी; तिची जागा काही रिकामी राहणार नाही."

अक्काने त्यांच्याकडे नीट पाहिलं. आठ दिवस ती ज्या चेहऱ्यावर संशय घेत होती तो चेहरा रडलेला होता. हा हसरा होता, म्हणून तिला सज्जन वाटला होता.

"कॅमेरा साहेबांच्या टेबलावर मिळेल," ती म्हणाली. "या तुम्ही मागोमाग, यायचं असेल तर."

ते आले नाहीत. बिल्ला खिडकीवर टाकून, कुणाला तरी फोन लावत ते भराभर बाहेर पडले.

वर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कॅमेऱ्याकडे बघितलं, मग अक्काकडे. "हे तुम्ही मला सांगायलाच हवं होतं असं नाही," ते म्हणाले.

"हवं होतं साहेब. त्या पोरीचा पास परत द्या. ती आत आली होती हे खरं, पण फोटो माझ्या फळीवरून निघाला."

साहेबांनी कपाळ चोळलं. "पास देतो. पण बाईंच्या लोकांना उत्तर द्यायचं आहे मला. जमाखोलीच्या चाव्या ठेवून जा. तुमचं काय करायचं ते उद्या बघू."

अक्काने चाव्या कमरेच्या जुडग्यातून सोडवायला घेतल्या. बारा वर्षांत कडी इतकी घट्ट झाली होती, की नख दुखावलं. चाव्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "पासांच्या वहीत तिचा पत्ता असेल ना? तेवढा लिहून द्या."

"फोन करा की. नंबर आहे."

"फोनवर नाही जमायचं. तिच्या वडिलांना तोंड दिसायला हवं."

खाली लांबूशेठ दारं लावत होता. "अक्का, आज इतक्या लवकर? आणि चाव्या कुठे?"

"वर आहेत."

"मग निघालात कुठे? घर तर इकडे."

"एका घरी जायचंय आधी," अक्का म्हणाली. तिने चिठ्ठीवरचा पत्ता ओठांतल्या ओठांत दोनदा वाचला, पदर नीट केला आणि कलत्या उन्हात रस्त्यावर, कुणाला विचारावं लागू नये म्हणून घरांचे आकडे बघत चालू लागली.