तळघरातल्या ताईंचा अहवाल

“पलंग खिडकीजवळ होता की दाराजवळ?” ताईंनी विचारलं.

काउंटरच्या पलीकडचा माणूस गोंधळला. वडिलांच्या जुन्या ऑपरेशनचा कागद त्याला हवा होता. वडील आता नव्हते, फाईलचा नंबर माहीत नव्हता, सालही आठवत नव्हतं.

“खिडकीजवळ. बाहेर पाण्याची टाकी दिसायची,” तो म्हणाला.

“टाकी दिसायची म्हणजे जुन्या इमारतीतला वॉर्ड. तो बंद होऊन अकरा वर्षं झाली. थंडी होती का तेव्हा?”

“हो. मी स्वेटर घालून डबा आणायचो.”

ताई रॅकांच्या मधल्या बोळात शिरल्या आणि फाईल घेऊन आल्या. मी मोबाइलवरचं घड्याळ थांबवलं. चार मिनिटं, दहा सेकंद. वहीत तसं लिहिलं. तेच माझं काम होतं.

मी कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला होते. साहित्य हा विषय. विद्यापीठाने त्या वर्षी नवा नियम काढला होता, की प्रत्येकाने एक सत्र बाहेर कुठेतरी काम करायचं, तिथल्या साहेबांनी गुण द्यायचे, आणि ते नाही मिळाले तर वर्ष गेलं. विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळा मिळाल्या. वाणिज्यवाल्यांना कचेऱ्या मिळाल्या. आम्ही उरलेले म्हणजे लग्नातल्या जादा खुर्च्या, जिथे जागा असेल तिथे नेऊन ठेवलेल्या. मला मिळाली सरकारी इस्पितळाची रेकॉर्ड रूम. तळघरात, शवागाराच्या शेजारी.

“साहित्य शिकता ना?” प्रशासन अधिकारी पहिल्या दिवशी म्हणाले होते. “मग यांची कथा लिहा. काय करतात, कसं करतात, किती वेळ लागतो, पायरी पायरीने. चाळीस पानं झाली पाहिजेत.”

खाली गेल्यावर मी त्यांना मावशी म्हणाले. इस्पितळात सगळ्याच बायकांना मावशी म्हणायचं असतं, असा माझा समज.

“मावशी वॉर्डात असतात. मी रेकॉर्ड क्लार्क आहे,” त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून त्यांनीच सोपं केलं. “ताई म्हण. आणि ती खुर्ची नको, तिचा पाय गेलाय.”

ताई पंचावन्नच्या होत्या. निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती. लग्न केलेलं नव्हतं. घरी म्हातारी आई, तिला ऐकू येत नसे. “घरी मी खुणांनी बोलते,” त्या म्हणाल्या, “आणि इथे फायलींशी. दोघींचंही उलट उत्तर नाही.”

बत्तीस वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, की तुम्ही हे कसं करता. मी विचारलं आणि त्या सुटल्या. सुतळीचा रंग वर्षाप्रमाणे का बदलतो, जुळ्यांच्या फायली एकत्र का शिवायच्या, कुठला डॉक्टर चुकलेल्या केसची फाईल कपाटात दडवून ठेवतो आणि ती त्याच्याकडून कशी काढायची. “त्याला सांगायचं, फाईल हरवली म्हणून वर कळवते. संध्याकाळच्या आत टेबलावर येते.” त्या सांगत, मी लिहीत असे. दुसऱ्या आठवड्यापासून त्या माझ्यासाठीही डबा आणू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात मी कच्ची पानं वाचून दाखवली तेव्हा त्या हातातली दाभण खाली ठेवून ऐकत राहिल्या.

“एवढं करते मी?” त्या म्हणाल्या.

मला फार बरं वाटलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. आपण एका दुर्लक्षित बाईला न्याय देतोय, असं काहीतरी मी मैत्रिणींना सांगतही सुटले होते.

पाचव्या आठवड्यात अधिकाऱ्यांनी वर बोलावलं. माझी छत्तीस पानं त्यांच्यापुढे होती, पिवळ्या शाईने रंगवलेली.

“उत्तम. आमच्या कॉम्प्युटरवाल्यांना नेमकं हेच हवं होतं. बाईंना आम्ही दोनदा विचारलं, त्या म्हणाल्या सवयीने सापडतं. तुम्ही बरोबर बोलतं केलंत.” त्यांनी पानं सारखी केली. “हे बसवलं की खाली माणूस लागणार नाही. एक पद वाचलं आमचं.”

मी मान डोलावली. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

“एकच राहिलंय,” ते म्हणाले. “अनोळखी पेशंट. नाव नाही, पत्ता नाही. दोन-चार वर्षांनी कुणीतरी शोधत येतं आणि बाई फाईल काढून देतात. कशी? ते शनिवारपर्यंत आणा. नाहीतर काम अपुरं म्हणून कळवावं लागेल.”

अपुरं म्हणजे वर्ष गेलं. माझे बाबा शिवणकाम करतात. कलेला गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, की कापड तुझं, कात्री तुझी. वर्ष गेलं असतं तर ते रागावले नसते. मान खाली घालून मशीन चालवत राहिले असते, आणि तेच मला नको होतं.

दोन दिवस मी ताईंना टाळून रॅक पुसत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच डबा उघडून हाक मारली.

“काय राहिलंय तुझं?”

“ताई, हे सगळं लिहून दिलं की ते तुम्हाला...”

“काढणार आहेत.” त्यांनी माझ्यापुढे झाकण सरकवलं. “माहितेय मला.”

“कधीपासून?”

“तू घड्याळ लावून बसलीस, त्या दिवसापासून. कथा लिहायला घड्याळ लागत नाही गं.”

मला रडू आलं. त्यांनी थोपटलं वगैरे नाही. त्या जेवत राहिल्या.

“मग सांगितलंत कशाला?” मी विचारलं.

“कुणी विचारलं नव्हतं.” बराच वेळ त्यांनी घास तसाच धरला होता. “कळत होतं, केसाने गळा कापतायत. पण तू रोज वही उघडून बसायचीस, आणि मला वाटायचं, आज एवढं सांगू, उद्या गप्प बसू.”

“अनोळखींचं नका सांगू. मी नाही लिहिणार.”

“आणि वर्ष घालवशील? त्याने माझी खुर्ची राहणार आहे का?” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “तुझ्यावर उपकार नाहीत करत मी. उद्या मी नसले म्हणून काय माणसं शोधायला यायची थांबतील? लिही.”

आणि मी लिहिलं.

अनोळखी पेशंट आला की ताई जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात जाऊन त्याच्याजवळ बसायच्या. वय, उंची, रंग हे डॉक्टर लिहीतच. ताई फाईलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने वेगळंच लिहायच्या. झोपेत शिट्टी वाजवतो. चपला पलंगाखाली जोडीने लावून ठेवते. इंजेक्शन दिसलं की मोठ्याने आकडे म्हणतो. कारण चार वर्षांनी शोधत आलेल्या माणसाला उंची सांगता येत नाही, घरचं माणूस कुणी मोजलेलं नसतं. पण झोपायचा कसा, हे विचारलं की बायको लगेच सांगते.

“किती जण सापडले असे?”

“सत्तावीस. त्यातले नऊ जिवंत,” ताई म्हणाल्या. “लिहिलंस? आता खा.”

शनिवारी त्यांनी अहवालाच्या प्रत्येक पानावर सही केली, ‘माहिती देणाऱ्याची सही’ या चौकटीत. सोळाव्या पानावर मी जळीत पेशंटच्या फायलींचा रॅक चुकीचा लिहिला होता. तो त्यांनी खोडून बरोबर केला. “चुकलं तर शिव्या त्या नव्या मुलाला बसतील,” म्हणाल्या.

महिनाअखेरीला त्यांना पत्र मिळालं. पद रद्द, मुदतीआधी निवृत्ती. त्यांनी ड्रॉवर रिकामा केला. कंगवा, दाभण, चष्म्याची जुनी डबी, खुर्चीवरची उशी. “गरज सरो, वैद्य मरो म्हणतात,” पिशवीचे बंद बांधताना त्या म्हणाल्या. “इथला वैद्य ठणठणीत आहे. रेकॉर्डवालीच गेली.” मी हसले नाही. त्या मात्र हसल्या, आणि जिना चढून गेल्या.

मला ‘उत्कृष्ट’ शेरा मिळाला. बाबांनी प्रमाणपत्र काचेत बसवलं.

माझे शेवटचे दोन आठवडे तिथेच गेले. कॉम्प्युटरच्या कंत्राटदाराने कामाला लावलेल्या मुली फायलींचे फोटो काढत आणि मूळ कागद पोत्यांत भरत. फक्त पहिल्या पानाचा फोटो निघायचा. पेन्सिलीचं लिखाण आतल्या बाजूला होतं. मी वर जाऊन सांगितलं.

“बघितलं मी ते अनोळखींचं प्रकरण,” अधिकारी म्हणाले. “वाचायला छान आहे. पण झोपतो कसा, याला रकाना कुठून आणू? काढून टाकलं ते.”

त्यांनी काढून टाकलं होतं. त्याच प्रकरणासाठी मी वर्ष जायची भीती घेऊन रडले होते आणि ताईंनी हातातला घास थांबवला होता. रॅक उचलले गेले, पोती भंगारात गेली, तळघर धुऊन काढलं.

त्या रविवारी मी ताईंच्या घरी गेले. माफी मागायची होती. दोन वाक्यं मी वाटेत जुळवलीही होती. दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला. आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. ताईंनी दार उघडलं, मला बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत ओले हात पुसले.

“काय सापडत नाहीये?”

मी चपला काढू लागले.

“अगं, इस्पितळातून पाठवलंय ना तुला? वाटलंच होतं मला. यायला हवं का? मी पाच मिनिटांत कपडे बदलते.” त्यांनी आईला खुणेने काहीतरी सांगितलं. म्हातारीनेही सगळं समजल्यासारखी मान हलवली.

जुळवलेली वाक्यं मला म्हणता आली नाहीत.

“यायला नको, ताई. नुसतं विचारून ये म्हणाले.” मी पिशवीतून वही काढली. “अनोळखी आहे. बाई. सात-आठ वर्षांपूर्वीची.”

“बोलायची?”

“नाही.” तोंडाला येईल ते मी सांगत होते.

“झोपायची कशी?”

“कुशीवर. भिंतीकडे तोंड करून.”

ताईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता त्या म्हणतील, अशी कुणी नव्हती. मी मनातून तेच मागत होते.

“मुठीत चादरीचं टोक धरून,” त्या म्हणाल्या. “आहे. चौथा रॅक, वरून दुसरा कप्पा, हिरवी सुतळी. चार महिने होती बिचारी. रोज दाराकडे बघायची. कोण आलंय तिचं?”

“बहीण,” मी म्हणाले.

“आली एकदाची.” त्यांचा चेहरा असा उजळला, की मी वहीत बघू लागले. चौथा रॅक, वरून दुसरा कप्पा, हिरवी सुतळी, सगळं नीट लिहून घेतलं.

मी बसायला खुर्ची ओढली, तर त्यांनी दार धरून ठेवलं होतं.

“बसू नकोस आता, जा,” ताई म्हणाल्या. “ती तिथे ताटकळत असेल.”