रेंजबाहेरचा समुद्र

हिंजवडीच्या कंपनीत मॅनेजर असलेला अभिनव महिन्यातून एक रविवार अलिबागपलीकडच्या एका गावी एकटाच मासेमारीला जायचा. तिथे त्याची स्वतःची छोटी होडी होती. परत आला की पापलेटं सिंकमध्ये टाकायचा आणि बायको, पूर्णिमा, ती साफ करायची. "हिला पाण्याची भीती वाटते," असं तो चारचौघांत हसून सांगायचा. पूर्णिमा भंडाऱ्याकडच्या मासेमार ढिवराची पोर, बापाबरोबर तलावात डोंगा वल्हवत वाढलेली. आठ वर्षांच्या संसारात साहेबांनी ते कधी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी अशाच एका रविवारी, लेकीकडे राहायला आलेल्या पूर्णिमाच्या आईच्या छातीत कळ आली. कंपनीची गाडी जवळच उभी असायची, पण ती हलायची अभिनवच्या शब्दावर. पूर्णिमानं त्याला अकरा फोन केले. अकराही वेळा ती रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात नाही म्हणाली. रिक्षा मिळेपर्यंत पाऊण तास गेला आणि आई रिक्षातच गेली. रात्री अभिनव चार पापलेटं घेऊन उगवला. "अगं, भर समुद्रात रेंज कुठली?" म्हणाला. तिनं विश्वास ठेवला. त्यानंतर तिनं सगळ्यात आधी गाडी शिकून घेतली.

मग गेल्या महिन्यात ऑफिसची सहकुटुंब सहल त्याच गावी गेली. मासे विकणाऱ्या यमुनाबाईंना पूर्णिमानं कौतुकानं सांगितलं, की आमचे हे गळानं पापलेट पकडतात. यमुनाबाई पोट धरून हसल्या. "पापलेट गलाला कंदी लागतं का गो बाय? त्यो जाल्याचा मासा. तुजा घोव माज्याकरनंच नेतो."

पूर्णिमाही हसली. पण त्या दिवसापासून तिला झोप नव्हती.

शुक्रवारी अभिनवचं अमेरिकन पाहुण्यांपुढे मोठं प्रेझेंटेशन होतं. त्याचा लॅपटॉप घरच्या गाडीच्या डिकीत होता, हे पूर्णिमाला चांगलं ठाऊक होतं. पहाटे तो झोपेत असताना तिनं गाडी काढली. मनाशी एकच ठरवलं होतं: समुद्रात फोन वाजला नाही, तर घरी जाऊन त्याचे पाय धरायचे. वाजला, तर वाजू द्यायचा.

यमुनाबाईंच्या अंगणासमोर अभिनवची होडी ओढून ठेवलेली होती. पूर्णिमानं वाकून वास घेतला. कोऱ्या कपाटासारखा लाकडाचा आणि रंगाचा वास, माशाचा नावालाही नाही. देवळामागे मोबाइलचा टॉवर होता. "हा कधीचा?" पूर्णिमानं विचारलं. यमुनाबाईंनी बोटं मोजली. "माज्या शालूच्या लग्नाआदीचा. तीन वर्सं झाली."

पूर्णिमानं होडी पाण्यात लोटली. लाटा तलावातल्यासारख्या नव्हत्या, पण हातांना वल्ही आठवत होती. किनाऱ्यावरची माणसं ठिपक्याएवढी झाली, तेव्हा तिनं नांगर टाकला, गळाला कोळंबी लावली आणि फोन मांडीवर ठेवला.

नऊ चाळीसला तो वाजला.

पडद्यावर अभिनवचं नाव आणि रेंजच्या सगळ्या दांड्या. पूर्णिमा हमसून हमसून रडली. आईला एवढं रडली नव्हती. अकरा फोन! मेल्यानं बंद करून खिशात ठेवला होता, कुठल्याशा व्हरांड्यात पाय पसरून.

फोन पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. ती मोजत राहिली. अकराव्याला तिनं डोळे पुसले. बाराव्यापासून तिला मजा यायला लागली, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. मधेच गळाला ओढ बसली. हातभर लांब, मिशाळ शिंगाळा वर आला, काट्यांनी फणकारत. बापानं शिकवल्यासारखं काटे सांभाळून तिनं त्याला होडीत घेतलं. तिकडे पुण्यात साहेब रिकाम्या हातांनी पाहुण्यांपुढे उभे असतील, असा हिशेब करून तिनं डबा उघडला आणि पोटभर जेवली.

संध्याकाळी तिनं दार उघडलं, तर अभिनव दारातच.

"कुठे होतीस? माझं प्रेझेंटेशन गेलं, माहितीये? सतरा फोन केले मी! सतरा!"

"समुद्रावर गेले होते, तुझ्या होडीतून." तिनं पिशवीतला शिंगाळा सिंकमध्ये टाकला. "तिथे रेंज नसते ना."

"काहीतरीच सांगू नकोस! तिथे फुल रेंज अस—"

पूर्णिमानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी निवांत, आईसाठी रिक्षा शोधताना जी सवड मिळाली नव्हती, त्या सवडीनं.

मग ड्रॉवरमधली सुरी काढून तिनं त्याच्या हातात दिली.

"आजचा मासा तू साफ कर."