सतरा ताटं

सकाळपासून ब्लियाची ही चौथी खेप होती. घरातून परसातल्या भांगेच्या वाफ्यात, वाफ्यातून घरात. वाफ्यात सतरा ताटं होती, डोक्याच्या वर गेलेली. तिने ती पुन्हा मोजली, जसं काही कुणी उचलून नेणार होतं!

"फुललं का गं?" आतून सासूचा आवाज आला. नव्वदीला टेकलेली येर पावसाळा लागल्यापासून अंथरुणाला खिळली होती, पण कान शाबूत होते.

"नाही, आई. अजून कळीसुद्धा नाही."

"मग कापू नकोस. मला एवढ्यात मरायला फुरसत नाही."

सगळा घोळ जोड्यांचा होता. भांगेच्या वाखाचे जोडे पायात नसतील तर ह्मोंग जमातीतला माणूस मेल्यावर पूर्वजांपर्यंत पोचत नाही. वाटेत केसाळ सुरवंटांचा डोंगर लागतो, तो अनवाणी कोण चढणार? येरने स्वतःचे जोडे तरुणपणीच विणून पेटीत ठेवले होते. तीन वर्षांपूर्वी तिचा धाकटा लेक झाड तोडताना गेला, तेव्हा तिने ते काढून त्याच्या पायांत घातले. "माझं काय, पुन्हा विणीन," म्हणाली. तोवर सगळा उतार मक्याखाली गेला होता आणि भांगेचं बी चुलीवर टांगलेल्या वाळक्या भोपळ्यात धूर खात पडलं होतं. हे बी दर वर्षी पेरलं नाही की रुसतं. यंदा ब्लियाने अख्खा भोपळा रिकामा केला, तेव्हा कुठे ही सतरा उगवली. आजूबाजूच्या तिन्ही गावांत ती पाय तुटेस्तोवर हिंडून आली. बायकांनी आपापलं बी कधीच कोंबड्यांना टाकलं होतं, आणि अंगावरचे घागरेही आता वाखाचे नव्हते; फोनसवानच्या बाजारातले, छापील.

सात-आठ ताटं आत्ता कापली तरी जोडे झाले असते. पण कोणती कापायची? फुलल्याशिवाय नर कोण आणि मादी कोण ते कळत नाही. चुकून नरच कापले गेले तर माद्या वांझ राहायच्या आणि बी कायमचं संपायचं. नर फुलले, त्यांचा पराग झडला, की मग ते खुशाल कापा. वाखही त्यांचाच मऊ. प्रश्न एवढाच होता की तोवर म्हातारी थांबेल का. ह्या प्रश्नाने ब्लियाला ना घास गोड लागत होता, ना कुठे बूड टेकवत होतं.

त्यात तिचा लेक न्हिया पाठीवर तणनाशकाचा पंप घेऊन मक्याकडे निघाला.

"वारा बघ रे जरा! सगळं माझ्या वाफ्यावर येईल."

"सतरा काड्यांसाठी मका थांबवू? आजीला चिनी रबरी चपला आणतो. सुरवंट काय, सुरवंटाचा बापसुद्धा चावायचा नाही."

"मेल्या," आतून येर खेकसली, "त्या घालून गेले तर तुझा आजोबा मला दारात तरी उभी करेल का?"

न्हिया हसला, पण पंप खाली ठेवला. वारा पडेपर्यंत तो उंबऱ्यावर बसून राहिला.

पुढे दहा दिवसांनी सात ताटांवर बारीक कळ्यांचे घोस लोंबले. नर! अजून दोन-तीन दिवसांत उमलले असते. ब्लिया हे सांगायला आत धावली, तेव्हा येर भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिने हाताला हात लावला. हात थंड होता.

गाव जमलं. मेलेल्याला वाट सांगणारा साइपाओ येरच्या उशाशी बसला आणि गाऊ लागला. ती जिथे जिथे राहिली त्या एकेका गावातून तिला मागे मागे नेत तो डोंगराच्या पायथ्याशी आला आणि थांबला.

"जोडे?"

बायकांनी वाफ्याकडे पाहिलं. शेजारणीने तर विळाही उचलला.

"ती सात कापा," साइपाओ म्हणाला. "सोलून विणेपर्यंत ढोल वाजत राहील. म्हातारीला काय पायथ्याशी बसवून ठेवायचंय?"

"हात लावायचा नाही त्यांना," ब्लिया म्हणाली. एवढ्या जोरात, की ढोलवालासुद्धा थबकला.

ती आत गेली आणि तिने स्वतःची पेटी उघडली. लग्नात माहेरी आईने विणून दिलेले जोडे तळाशी होते. ते येरच्या पायांना मोठे झाले, म्हणून तिने टाचेत जुन्या घागऱ्याची चिंधी कोंबली आणि वाद्या घट्ट बांधल्या. साइपाओने गाणं पुढे उचललं.

"आई, मग तुझं काय?" न्हियाने हळूच विचारलं.

"माझं काय? मला आता मरायला फुरसत नाही."

माती देऊन आल्याच्या दुसऱ्या सकाळी ती वाफ्यात गेली. धक्का लागताच एका ताटावरून पिवळी भुकटी उडाली आणि तिच्या बाहीवर बसली. बोट लावून पाहिलं आणि ती घराकडे वळून ओरडली, "आई, फुललं!"

आतून कुणी काही विचारलं नाही. मग बाही न झटकता ब्लिया पांढरे तंतू फुटलेल्या एकेका मादीपाशी गेली आणि तिथे तिने ती जपून झाडली.