पुढच्या सीटखालचं पाणी

वामन तांडेलाने होडी विकून गाडी घेतली, तेव्हा चिंचणीत काही दिवस दुसरा विषयच नव्हता. होडी विकणारे गावात कमी नाहीत, पण पासष्टी उलटल्यावर बोईसरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पोरांच्या रांगेत उभा राहणारा हाच पहिला. गाडी पांढरी, सेकंडहँड. काचा हँडल फिरवून खालीवर करायच्या, पण एसी मात्र झकास. वामन ती रस्त्याच्या मधोमध चालवायचा, कडेला गाळ असतो अशा समजुतीने. एकदा कंपनीच्या शिफ्ट बसच्या ड्रायव्हरने बाहेर डोकं काढून त्याला ‘चाचा, कोई एक साइड पकड़ो’ असं सांगितलं, तर हा हात वर करून त्याला सलाम ठोकून पुढे गेला.

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून होडी विकली, हे तो सगळ्यांना सांगायचा. गाडी का घेतली, हे मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. त्यांच्या घरात बाईमाणसाने होडीत बसायची रीत नव्हती. पुष्पलता लग्न होऊन आली तशी रोज किनाऱ्यावर यायची, टोपल्या भरायची, मासळी विकायची, उरलेली वाळवायची, पण नवऱ्याच्या शेजारी बसून ती कुठे म्हणून गेली नव्हती. गाडी बघायला गेला तेव्हा वामनने आधी इंजिन बघितलं नाही, टायर बघितले नाहीत. पुढची डावी सीट दाबून बघितली आणि सौदा पक्का केला. असलं काही तोंडाने बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं.

आणि नेमकी तीच सीट दगा देऊन बसली.

धाकटी मुलगी हिमानी पालघरला दिलेली. तिला दुसरं बाळ झालं, म्हणून दोघं ते बघायला निघाली. भाद्रपदातला पाऊस, मधेच कोसळायचा, मधेच ऊन. पुष्पलता ठेवणीतली साडी नेसून पुढे बसली, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. बोईसर येईपर्यंत तिला वाटत होतं की एसीने पाय गार पडलेत. बोईसरच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा पुढच्या बाजूने पाण्याची लाट येऊन तिच्या घोट्यांवर आपटली. पालघरला उतरली ती गुडघ्यापर्यंत भिजलेली साडी पिळत, आणि अंगाला कुबट वास. विहीणबाई चांगल्या मनाच्या. त्यांनी लगेच आपला फुलाफुलांचा गाऊन काढून दिला. सगळ्या पाहुण्यांसमोर पुष्पलता तो गाऊन घालून, नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. घरी आल्यावर बोलली, ते एकच वाक्य.

“त्या गाडीत मी परत पाय ठेवणार नाय.”

बारसं येत्या रविवारी होतं. ती रिक्षाने बोईसरला आणि तिथून लोकलने पालघरला जाणार, असं तिने शेजारणीलाही सांगून टाकलं. वामनला घाम फुटला. तो एकटा मोटारीतून उतरणार आणि बायको स्टेशनवरून पिशव्या घेऊन चालत येणार, हे चित्र त्याला सहन होईना. लोक हसतील ते हसतील. पण ज्या सीटसाठी एवढा खटाटोप केला, ती रिकामी घेऊन जायचं, तर होडी विकून केलं काय?

मग तांडेल कामाला लागला. होडीत पाणी शिरलं की पहिलं काम ते चाखून बघायचं. खारं असलं तर तळाला भोक, गोडं असलं तर पावसाचं. त्याने पायाखालच्या गालिच्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि जाहीर केलं, “गोडं हाय.” सगळा समुद्र गाडीबाहेर असताना हे चाखायची गरज काय होती, असं पुष्पलता पडवीतून म्हणाली, पण ती त्याच्याशी बोलत नसल्यामुळे ते तिने मांजराला उद्देशून म्हटलं.

गालिचा काढून त्याने उन्हात टाकला. मग अंगाखाली गोणपाट घेऊन, गुडघ्यांना शिव्या देत, गाडीच्या खाली शिरला आणि जे दिसलं त्याने त्याचं डोकंच फिरलं. गाडीला भोकं होती. एक-दोन नाही, प्रत्येक दाराच्या तळाला लांबट फटी, आणि पुढे डाव्या बाजूला चक्क एक रबरी नळी, तिच्या तोंडातून टपटप पाणी. एवढी मोठी कंपनी, एवढे शिकलेले लोक, आणि माल बाहेर काढताना खालून बघायचीही कुणाला फुरसत नव्हती! जन्मभर भोकं बुजवण्यात ज्याचा हात कुणी धरला नाही, त्या माणसाला हे म्हणजे आयतं ताट वाढून ठेवल्यासारखं झालं. त्याने होडीचं उरलंसुरलं सामान काढलं. तेलात भिजवलेला कापूस फटींत ठासला, त्यावर राळ ओतली, रबरी नळीच्या तोंडात बूच मारलं आणि वरून सुतळीने करकचून आवळलं. सगळं झाल्यावर तळावर थाप मारून आवाज ऐकला. असं घट्ट काम त्याने स्वतःच्या होडीचंही केलं नव्हतं, आणि तो भलताच खूश झाला. त्या खुशीत त्याने चारही दारं वरून बादल्या ओतून धुतली.

दुसऱ्या दिवशी आकाश लख्ख. ढगाचा तुकडा नाही. वामन एसी लावून तारापूरपर्यंत चक्कर मारून आला आणि दार उघडलं, तर डाव्या बाजूला तळं. शिवाय दार ढकललं की त्याच्या पोटातून खळखळ आवाज, पाण्याने भरलेला हंडा हलवावा तसा. पुष्पलता सुकट पसरत होती. या वेळी ती मांजराशी नाही, सरळ नवऱ्याशी बोलली, कारण राहवलंच नाही. म्हणाली, आधी निदान पावसात तरी गळत होती, आता उन्हातही गळते, प्रगती आहे.

शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन बोईसरला कमलाकांतच्या गॅरेजमध्ये गेला. कमलाकांत त्याच्याच गावचा, त्याच्या जुन्या जोडीदाराचा मुलगा, त्यामुळे लाज जरा कमी वाटणार होती. त्याने वाकून खाली बघितलं आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. खांदे हलत होते. वर आला तेव्हा चेहरा गंभीर होता, हे त्याचे संस्कार.

“काका,” तो म्हणाला, “होडीला भोक असलं तर ती बुडते. गाडीला नसलं तर बुडते.”

मग त्याने समजावलं. दाराच्या काचेवरून पाणी दारात उतरतं, ते अडवता येत नाही, म्हणून खाली फटी ठेवतात. एसीचं पाणी त्या रबरी नळीतून बाहेर पडतं; नळीला बूच मारलं की ते आत येणार, दुसरं कुठे जाणार? पाण्याला येऊ द्यायचं आणि जाऊही द्यायचं, अशी गाडीची रीत असते. त्याने सळईने राळ फोडली तेव्हा चारही दारांनी गॅरेजची फरशी धुऊन काढली. वामन बाजूला उभा राहून ते बघत होता. आपलं एवढं सुरेख काम फोडलं जातंय आणि तेच बरोबर आहे, हे पचवायला त्याला कोपऱ्यावरच्या टपरीवरचा चहा घ्यावा लागला.

पण पहिलं गळणं, पावसातलं, ते अजून शोधायचंच होतं. कमलाकांतकडे कंपनीच्या गाड्यांची रांग, तो सोमवारच्या आधी हात लावू शकत नव्हता. त्याने उपाय मात्र सांगितला. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दारं-काचा बंद. दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, जोरात नाही, खालून सुरुवात करून हळूहळू वर. आत पहिला थेंब कुठे दिसतो ते बघायचं. आणि काहीही झालं तरी मधेच दार उघडायचं नाही, नाहीतर बाहेरचं पाणी आत येऊन सगळा घोळ होईल.

घरी येईपर्यंत वामनच्या लक्षात आलं की गोची इथेच आहे. आत बसून डॅशबोर्डखाली मान घालायची तर गुडघे दुमडले पाहिजेत, आणि ते त्याचे दुमडत नव्हते. घरात माणूस एकच. तो पडवीत जाऊन उभा राहिला, खाकरला, पंख्याकडे बघितलं, आणि शेवटी कसंबसं म्हणाला की जरा काम होतं. सगळं ऐकून घेऊन पुष्पलताने अट घातली: गळती शोधण्यापुरती बसेन, बारशाला मी रिक्षानेच जाणार. वामनने मान डोलावली. वाटाघाटीत तिच्यापुढे दलालही टिकायचे नाहीत, तो कुठला टिकतोय.

गाडी सुरूच्या झाडांखाली उभी असायची, जिथे पूर्वी त्याची होडी ओढलेली असे तिथेच. ती त्याने घरापुढे आणली, टाकीला पाइप लावला. पुष्पलता पदर खोचून पुढच्या सीटवर बसली, हातात टॉर्च, आणि त्याने दार लावलं.

आधी दाराखाली पाणी सोडलं. तिने आतून मान हलवली, काही नाही. मग दाराची चौकट. काही नाही. मग खिडकीची काच, तिच्या रबराच्या कडेकडेने. ती काहीतरी बोलली, त्याला ओठ हललेले दिसले, शब्द ऐकू आला नाही. त्याने हात वर करून खलाशांना करायची तशी खूण केली. तिला ती कळली नाही. तिने भलतीच खूण केली, ती याला कळली नाही. मग तो समोरच्या काचेवर आला आणि वायपरच्या खाली, काळ्या जाळीवर पाणी सोडायला लागला. पुष्पलता वाकली आणि दिसेनाशी झाली.

आत उकाडा. काचा तिच्या श्वासाने आधीच धुरकटल्या होत्या, त्यात बाहेरून पाण्याचा पडदा. वामन वाट बघत राहिला. ती वर येईना. त्याने काचेवर टकटक केलं. हाक मारली, मग मोठ्याने मारली. आत नुसतं पांढरं. हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच थांबला, कारण दार उघडायचं नाही असं ठरलं होतं. पण इतक्या उकाड्यात तिला चक्कर आली असली तर? गेल्या महिन्यातच तिची रक्तदाबाची गोळी वाढवली होती. पाइप हातातून कधी सुटला आणि पाणी पायांवर कधी वाहायला लागलं, त्याला कळलंच नाही. समुद्रात त्याने काय काय बघितलं होतं, पण अशी भीती त्याला कधी वाटली नव्हती, कारण तिथे तो आत असायचा आणि हातात काहीतरी काम असायचं. बाहेर उभं राहून नुसतं बघायचं, हे त्याच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं.

तेवढ्यात पुष्पलता वर आली. कपाळावरून पाणी ओघळत होतं, केस चिकटलेले, चेहरा लालबुंद आणि आनंदाने फुललेला. तिनेच दार उघडलं.

“सापडलं. एसीच्या पंख्याच्या डब्यातून येते. माझ्या कपाळावरच पडलं.”

वामन मात्र भडकलेला होता. “एवढ्या हाका मारल्या तुला. आवाज द्यायला काय झालं?”

पुष्पलताने पदराने तोंड पुसलं. ती रागावली नाही, आवाजही चढवला नाही.

“तुमी बाहेर किती वेळ होता? बिडी ओढायला लागतो तितका. मी रेतीत उभी राहून सगळा जन्म हाका मारल्या. तुमी दिला होता कधी आवाज?”

वामनने खाली पडलेला पाइप उचलला आणि नळ बंद करून आला. वादळात होडी वाट चुकून दुसऱ्या दिवशी परत आली होती, त्या दिवशी ती किनाऱ्यावर उभी होती, हे त्याला आठवलं. आपण उतरल्या उतरल्या तिला मासळीचा भाव विचारला होता, हेही आठवलं. त्याला वाईट वाटलं, खरोखर वाईट वाटलं, आणि त्याने पाना आणला आणि वायपर सोडवून ती काळी जाळी उचलली.

खाली पन्हाळीसारखी जागा होती, आणि ती सुरूच्या काड्यांनी गच्च भरलेली. कुजून चिखल झालेला, कोपऱ्यातलं पाणी जायचं तोंड पार बुजलेलं. पावसाचं पाणी तिथे साठायचं आणि जायला जागा नाही म्हणून पंख्याच्या डब्यात चढायचं. दोघांनी मिळून ओंजळी ओंजळी तो गाळ काढला. ती हाताने काढत होती आणि तो तारेने तोंड मोकळं करत होता. बुडबुड आवाज झाला, साठलेलं पाणी सरकन खाली गेलं आणि चाकामागून जमिनीवर पडलं. तेव्हा दोघंही हसली, पण वामन जरा उशिरा.

आता पुन्हा बघायला हवं होतं. पुष्पलता न सांगता आत जाऊन बसली, दार ओढून घेतलं. त्याने जाळीवर पाणी सोडलं. ती वाकली, दिसेनाशी झाली, काच पुन्हा धुरकटली. आणि मग आतून आवाज आला. टक टक. बांगडीचा, काचेवर. थोड्या वेळाने पुन्हा टक टक. ती काही दाखवत नव्हती, बोलावत नव्हती. ती फक्त आहे, एवढंच सांगत होती.

आत थेंब येत नव्हता हे केव्हाच सिद्ध झालं होतं. तरी वामन पाणी सोडत राहिला. टाकी खडखडाट करायला लागली, अंगण तुंबलं, शेजारीण डोकावून गेली, तरी तो उभाच, कान काचेशी. शेवटी पुष्पलतानेच हँडल फिरवून काच खाली केली.

“पाणी संपवाल आता. उद्या लवकर निघू,” ती म्हणाली. “पाळण्याचं सामान मागं ठेवा. पुढं मी बसतंय.”