मोरचूद हिरवा होत नाही

मी वही बोलतेय. दोनशे पानी, मधोमध टाचलेली, एका कोपऱ्यावर नायट्रिक ॲसिडचा पिवळा डाग. वह्या सहसा गरीब असतात, जे लिहाल ते पोटात घालतात. पण सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. जरा फटकळ बोलले तर ऐकून घ्या.

सहा वर्षांपूर्वी मॅडमनी मला लिहायला घेतलं. मॅडम म्हणजे विद्यापीठात पहिल्या वर्षाला असेंद्रिय रसायनशास्त्र शिकवणाऱ्या. अर्धवेळ. अर्धवेळ म्हणायचं आपलं! वर्गातला एक तास नीट व्हावा म्हणून त्या घरी तीन तास माझ्यावर मान मोडून बसायच्या. सासूबाई म्हणायच्या, "एवढा जीव माझ्या लेकाला लावला असतास तर तो सुधारला असता गं." मॅडम हसायच्या आणि पान उलटायच्या.

विभागात त्यांना बसायला खुर्ची नव्हती. तराजूच्या खोलीत एक स्टूल होतं, तेवढंच. काचेच्या पेटीतल्या तराजूला धक्का लागू नये म्हणून त्या मला मांडीवर घेऊन वाचायच्या. दर सत्राच्या आधी नेमणुकीचं नवं पत्र यायचं. ते हातात पडेपर्यंत त्यांचं लक्ष कशात लागायचं नाही.

आता त्यांची एक खोड सांगते. प्रत्येक धड्यात त्या एक थाप मारायच्या, मुद्दाम. पहिल्याच दिवशी मुलांना बजावायच्या, "थाप सापडली की बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं. शेजाऱ्यालाही विचार करू द्या." मग काय, मुलं कान टवकारून बसायची. मागच्या बाकावरचे झोपाळूसुद्धा. थापेखाली माझ्यात कसलीच खूण नसायची, कारण पुढच्या बाकावरून टेबलावरचं उलटं अक्षरही वाचता यायचं; यंदाची चष्मेवाली तर हमखास वाचायची. बावीस धडे, बावीस थापा. यादी फक्त माझ्या शेवटच्या पानावर.

यंदाचं पहिलं सत्र संपलं आणि विभागप्रमुख सर गोड बोलत तराजूच्या खोलीत आले. तपासणी समिती येतेय, तुमचं काम त्यांना दाखवतो, त्यात तुमचंच भलं आहे, वही दोन दिवस द्या. मॅडमनी दिली. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण वहीला कुठे तोंड असतं?

समिती वगैरे काही आली नाही. सरांनी मला उघडूनही पाहिलं नाही. शिपायाला झेरॉक्स काढायला लावली, त्याने धडे संपले तिथे थांबून शेवटचं पान सोडलं, ती प्रत टंकलेखकाकडे गेली आणि महिन्याभरात चकचकीत पुस्तिका छापून आली. लेखक म्हणून सरांचं नाव, मागे त्यांचा फोटो. माझ्या मुखपृष्ठावरच्या मॅडमच्या नावावर पांढरी चिकटपट्टी बसली. अंगाची लाहीलाही झाली माझ्या. सहा वर्षांची मेहनत, आणि माणसाला लाज म्हणून नाही.

दुसऱ्या सत्राचं पत्र मॅडमना आलंच नाही. त्या विचारायला आल्या तेव्हा मी सरांच्या टेबलावरच होते, फायलींखाली. सर म्हणाले, आता पुस्तिका तयार आहे, तो विषय कुणीही शिकवू शकतो, मीच घेतो. मॅडमचा चेहरा पडला. तरीही त्यांनी सांगायचा प्रयत्न केला, बरं का.

"सर, त्या वहीचं शेवटचं पान एकदा..."

"वही शोधून ठेवतो, मॅडम. आता मला मीटिंग आहे."

मॅडम गेल्या. मी हातभर अंतरावर होते.

मग सरांचा पहिला तास. पुस्तिकेत आकृत्या नीट आल्या नव्हत्या, म्हणून मलाही बरोबर नेलं. सर मान खाली घालून वाचत सुटले. "निळा मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तापवला की त्यातलं पाणी निघून जातं आणि तो हिरवा होतो."

चष्मेवाली उभी राहिली. मग तिच्या शेजारची. मग बाकामागून बाक, सगळा वर्ग. कुणी चकार शब्द काढला नाही. तास संपलेला नाही, खाली बसा, असं सर दोनदा म्हणाले. कुणी बसेना. शेवटी त्यांनी चष्मेवालीला दरडावून विचारलं.

ती म्हणाली, "सर, मोरचूद पांढरा होतो. ही मॅडमची थाप आहे. प्रत्येक धड्यात एक असते."

सरांनी मला पहिल्यांदा शेवटपर्यंत उलटलं. यादीचं शीर्षक वाचलं, कान लाल झाले, आणि साऱ्या वर्गासमोर तिरीमिरीत ते पान टरकावून त्याचे बारीक तुकडे केले. केराच्या टोपलीत टाकले. टोपली संध्याकाळी रिकामी झाली, आणि आपण काय करून बसलो ते सरांना दुसऱ्या दिवशी कळलं.

पुस्तिकेच्या पाचशे प्रती वाटून झाल्या आहेत. त्यांत अजून एकवीस थापा आहेत. सर रोज दार लावून मला चाळतात. नीट वाचलं तर सापडतील हो, पण ती सवय आहे कुणाला? मॅडमना फोन करायला रिसीव्हर उचलतात आणि परत ठेवतात.

ठेवा, खुशाल ठेवा. मी एक अक्षर सांगणार नाही. आधी ती चिकटपट्टी काढा, मॅडमना बोलवा आणि बसायला खुर्ची द्या. तोवर वर्गात जाल तेव्हा मुलं उभी राहतील.